ग देशाचे नऊ गुण

३ नोव्हेंबर, सोमवार. सौंसर

सकाळी साडेदहाला फाईल आली. दोन वर्षांनी होणाऱ्या सांघिक बॅडमिंटन स्पर्धेचं यजमानपद आशियातल्या कोणत्या देशाला द्यायचं, हे ठरवायला संघटनेने पाच परीक्षक नेमले आहेत. त्यातली पाचवी मी. माझं नाव यादीत पाहिल्यापासून वाटतं आहे की दुसऱ्या कुणा मानसीला कळवायचं होतं आणि मला कळवलं.

मी खेळाडू नाही. दम्यामुळे चौथीपर्यंत शाळेतही गेले नाही, बाबा शाळामास्तर, त्यांनीच घरी शिकवलं. पुढे केतनदादाचे सामने बघत कोर्टाच्या कडेला बसायची, रेषेवर पडलेलं शटल आत की बाहेर हे मला इतरांच्या आधी दिसायचं. त्यातून लाइन जज झाले, मग अंपायर. एवढीच माझी लायकी.

चार देशांचे प्रस्ताव आहेत, पण कोणते चार ते आम्हाला माहीत नाही. देशाचं, शहराचं, माणसाचं नाव आलं की तिथे काळी पट्टी. क, ख, ग, घ एवढीच ओळख. सोबत सात कलमांचं प्रतिज्ञापत्र. पाचवं कलम असं की एखादा प्रस्ताव कुणाचा आहे हे ओळखू आलं, किंवा ओळखल्यासारखं वाटलं, तरी दोन दिवसांत कळवायचं. मग तो प्रस्ताव दुसरा परीक्षक वाचतो. मी दोनदा वाचून सही केली. या वहीतही जपून लिहीन.

आई म्हणाली, "चार देश तुले विचारून राहिले, अन् मी घंटाभरापासून विचारून राहिली का पोहे करू का उपमा, त्याचं उत्तर नाही."

६ नोव्हेंबर, गुरुवार

क आणि ख वाचून झाले. प्रत्येकी वीस गुणांचे पाच भाग आहेत: मुख्य सभागृह, सरावाची कोर्टं, राहणं-जेवण, दवाखाना, प्रवास. क चा प्रस्ताव एकदम नीटनेटका. ख मध्ये सरावाचं सभागृह अजून बांधायचं आहे, चित्र तेवढं सुंदर काढलं आहे.

बाबा जेवताना म्हणाले, "किती झालं?" मी म्हटलं, एकशे चाळीस पानं. ते हसले. मी त्यांना पानांपलीकडे काही सांगणार नाही हे त्यांना ठाऊक आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

दादा सकाळच्या बसने पांढुर्ण्याहून आला. तिथे तो बारा मुलींना बॅडमिंटन शिकवतो. आल्या आल्या माझ्या टेबलाकडे बघून म्हणाला, "अफसरबाईचं ऑफिस लय भारी आहे. शिपाई ठेवला का नाही?"

"आई आहे ना," मी म्हटलं.

"तोंड सांभाळून बोल," आई आतून.

जेवताना तो सांगत होता, "नागपूरले काहीतरी मोठं येऊन राहिलं म्हणतात. हॉलची रंगरंगोटी करून राहिले. बॅडमिंटनचं असलं ना, तर माया बाराही पोरीयले घेऊन जाईन. रोज. टीव्हीवर पाहून काय समजते? शटलचा आवाज ऐकू आला पाहिजे." मग माझ्याकडे पाहून, "तू काही बोलू नको. मी तुले काही विचारलं नाही."

 तो दुपारी गेल्यावर ग चा प्रस्ताव उघडला.

एकतिसाव्या पानावर एक फोटो आहे. सामन्यांच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी संघांना जवळच्या बगिच्यात नेणार, त्याचा. बायका जमिनीवर बसून संत्री निवडताहेत, लहान वेगळी, मोठी वेगळी. बाजूला लाकडी पेट्या. चेहरे पुसट केले आहेत, पण एकीच्या हातातल्या संत्र्याची साल देठाजवळ फुगून ढिली झालेली स्पष्ट दिसते. पुढे स्वागताला झेंडूचे हार. जेवणात वरण, भात, भाजी, दही.

मी फाईल बंद केली.

१० नोव्हेंबर, सोमवार

ते नागपूर आहे. माझ्याकडे पुरावा नाही. तापमानाच्या तक्त्यावरही पट्ट्या आहेत. पण संत्र्याची साल मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? काकांच्या बगिच्यात प्रत्येक बहाराला मी असंच बसून फळ निवडलं आहे.

कलम पाच. "ओळखल्यासारखं वाटलं तरी."

कळवलं तर ग दुसऱ्याकडे जाईल. तो चांगलाच वाचेल. मग मी का थांबले आहे, ते इथे खरं लिहावं. एक, अंदाज म्हणजे ओळख नव्हे असं मी स्वतःला दिवसभर सांगते आहे. दोन, पहिल्याच कामात हात वर केले तर पुन्हा कुणी बोलावणार नाही. तीन, मला तो प्रस्ताव वाचायचा आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवसांची मुदत काल दुपारी संपली. मी कळवलं नाही. त्याऐवजी ठरवलं आहे की ग च्या बाबतीत मी इतकी कडक राहीन की माझ्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही. हे ठरल्यावर बरं वाटलं. दोन दिवसांनी नीट जेवले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रत्येक प्रस्तावाबरोबर त्या सभागृहात झालेल्या एका सामन्याचं चित्रण आहे. क, ख आणि घ चं एकेकदा पाहिलं. ग चं चार वेळा. चौथ्या वेळी वहीत खुणा केल्या. डाव्या टोकाकडून मारलेली उंच शटलं बेसलाइनच्या बाहेर पडताहेत, अकरातली नऊ. उजव्या टोकाकडून एकही नाही. खेळाडू वाईट नाहीत, सभागृहात वारा आहे. कुठूनतरी आत येतो आणि एकाच बाजूला ढकलतो. शेऱ्यात सगळं लिहिलं, मिनिट आणि सेकंदासह.

बाकीचे गुणही भरले. दवाखाना पस्तीस मिनिटांवर, म्हणून तेरा. सरावाची कोर्टं चार, पाच हवीत, म्हणून बारा. जेवणात मांसाहाराचा तपशील अपुरा, म्हणून चौदा. कुठेही हात सैल सोडला नाही. काम नीट झाल्याचं समाधान आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चारही गुणपत्रकं पाठवली.

२ डिसेंबर, मंगळवार

पाच परीक्षकांची सरासरी लागली. पहिला क, दुसरा घ. या दोन देशांत पाहणीला माणसं जातील. ग तिसरा, घ पेक्षा एका गुणाने कमी. ख चौथा.

दादाच्या बारा मुलींचा विचार आला. मग मनात म्हटलं, हीच परीक्षा होती आणि मी उतरले. रडू आलं ते थोडंच.

४ डिसेंबर, गुरुवार

आज ऑनलाइन बैठकीत नावं उघडली. आमच्या अध्यक्ष मॅडम एकेक वाचत गेल्या. क थायलंड. ख फिलिपिन्स. ग नेपाळ. घ इंडोनेशिया.

मला वाटलं त्यांनी यादी चुकून वाचली. बैठकीत विचारायचं धाडस झालं नाही. नंतर कार्यालयाला मेल केला, भारताचा प्रस्ताव कोणता होता. उत्तर दोन ओळींचं आलं. भारताने या वेळी अर्जच केला नव्हता.

एकतिसावं पान पुन्हा उघडलं. बायकांच्या मागे मला जे आभाळ वाटलं होतं तो डोंगर आहे. पानाच्या वरच्या कडेपर्यंत डोंगरच. आमच्याकडे एवढा डोंगर कुठे आहे? मी पाहिलाच नव्हता. मी फक्त संत्रं पाहिलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

चारही गुणपत्रकं शेजारी ठेवून दिवसभर पाहिली. इंडोनेशियाचा दवाखाना चाळीस मिनिटांवर आहे, तिथे मी सतरा दिले आहेत. शेरा, "रुग्णवाहिका सभागृहाच्या दारात उभी राहील, समाधानकारक." नेपाळचीही रुग्णवाहिका दारात उभी राहणार आहे. तेही लिहिलेलं आहे. तिथे तेरा. थायलंडची सरावाची कोर्टंही चारच. तिथे पंधरा. जेवणाचंही तसंच.

दवाखान्याचे चार, कोर्टांचे तीन, जेवणाचे दोन. नऊ गुण. पाच परीक्षकांत वाटले तर जवळजवळ दोन. नेपाळ एका गुणाने मागे राहिला.

घरचं म्हणून कापले आणि ते निघाले दुसऱ्याच्या घरचे. पण घरचे असते तरी ते कापायचे कशाला होते, हे मला आज कुणी विचारलं तर काय सांगू?

हे कुणालाच माहीत नाही. गुणपत्रकात सगळ्या शेऱ्यांना कारणं दिलेली आहेत, वाचणाऱ्याला खटकणार नाहीत. मी गप्प बसले तर काही होणार नाही. हे लिहिलं की ते किती सोपं आहे ते दिसतं, म्हणून लिहिलं.

७ डिसेंबर, रविवार

दोन दिवस जेवण गेलं नाही तेव्हा आईने पकडलं. नावं आता जाहीर झाली आहेत, म्हणून सगळं सांगितलं. बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते, त्यांचा हात थांबला नाही, पण ऐकत होते.

आई म्हणाली, "हे तुले कोणी शिकवलं ते बाहेर बसून आहे, त्यालेच विचार."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? चौथीची परीक्षा तू यायच्या शाळेत देल्ली. पेपर यायनंच तपासले. पहिला नंबर त्या प्रेमलताचा आला. ते पोट्टी मले रस्त्यात भेटली तं म्हणे, काकू, मानसीचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, मी तिचंच पाहून लिहिलं. मी घरी येऊन यायले बोलली. हे गप."

मी बाहेर गेले. बाबांच्या समोर बसले आणि विचारलं की गणितात मला किती मिळाले होते.

"अडतीस," बाबा म्हणाले. पन्नासपैकी.

"आणि होते किती?"

मला वाटलं ते आठवत नाही म्हणतील. एवढी वर्षं झाली.

"त्रेचाळीस."

मीही एक शेंग उचलून सोलली.

"पाच कुठे गेले, बाबा?"

"लोक म्हणतील, मास्तरनं पोरीले गुण देल्ले. घरी शिकवली, अन् घरूनच पासही करून टाकली."

"असं कोण म्हणालं होतं?"

"कोणीच नाही म्हटलं," बाबा म्हणाले. "म्हणायले कोणाले वेळच नाही देल्ला मी." मग शेंगांकडेच बघत, "मी सांगितलं नाही. पंधरा-वीस वर्षं रोज सांगता आलं असतं. तू सांगून टाक. उद्याच."

मला त्यांचा राग आला नाही. येईल असं वाटून मी संध्याकाळभर वाट पाहिली. त्यांनी मला किती छान शिकवलं होतं तेच आठवत राहिलं. प्रेमलताला मात्र मी पुढे कधी भेटलेच नाही, का कोण जाणे.

८ डिसेंबर, सोमवार

चार वेळा पत्र लिहिलं. पहिल्या तिन्हीत माझ्याबद्दलच जास्त होतं. चौथं पाठवलं ते असं:

"ग हा प्रस्ताव माझ्या देशाचा आहे असा माझा समज झाला. कलम पाचप्रमाणे मी तो कळवला नाही. पक्षपात होऊ नये म्हणून मी तीन भागांत त्याला इतरांपेक्षा कडक माप लावलं आणि एकूण नऊ गुण कमी दिले. तुलना सोबत जोडली आहे. नेपाळच्या प्रस्तावाचं यात नुकसान झालं आहे."

पाठवल्यावर केतनदादाला फोन केला. नागपूरची ती रंगरंगोटी कसली होती, विचारलं.

"कबड्डी," तो म्हणाला. "कबड्डी आहे बाप्पा. माया पोरी म्हणून राहिल्या, सर, आम्ही शटल घेऊन जाऊ अन् मधातच खेळू." मग त्याला माझा आवाज कळला. "काय झालं तुले? कोणी काही बोललं का?"

"नाही. मीच बोलले," मी म्हटलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अध्यक्ष मॅडमचा कॉल दुपारी तीनला. मी अडीचपासून साडी नेसून बसले होते, आई म्हणे, फोनवर तं तोंडच दिसते. मॅडम रागावल्या नाहीत. ते जास्त कठीण गेलं.

त्यांनी विचारलं, "तुम्हाला आता नव्याने गुण द्यायला सांगितलं तर किती द्याल?"

मी म्हटलं, त्या तीन भागांत नऊ जास्त. पण सभागृहातल्या वाऱ्याचे कापलेले बरोबर होते का, ते मी सांगू शकत नाही.

"का? वारा नव्हता?"

"होता. पण ग चं चित्रण मी चार वेळा पाहिलं आणि बाकीच्यांचं एकदा. त्यांच्याकडेही असेल. मी शोधला नाही."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग निर्णय सांगितला. माझी चारही गुणपत्रकं रद्द. उरलेल्या चौघांच्या सरासरीने नेपाळ दुसरा येतो. इंडोनेशियाला पाहणीचं कळवून झालं आहे, त्यांना मागे घेता येणार नाही, म्हणून आता दोनाऐवजी तीन देशांत माणसं जातील. तिन्ही देशांना कारण लेखी कळवलं जाईल, माझ्या नावासह. आणि मी समितीतून कमी.

"पुन्हा अर्ज करता येईल का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तीन वर्षांनी," त्या म्हणाल्या. "तेव्हा पहिल्याच दिवशी कळवा."

बाबा दाराशी उभे होते. त्यांना इंग्रजी चांगलं समजतं. म्हणाले, "चहा घेते का?" आणि स्वतःच ठेवायला गेले. साखर विसरले.

२० जानेवारी, मंगळवार

निकाल आला. यजमान थायलंड. तिन्ही ठिकाणी पाहणी झाली आणि थायलंड स्पष्टपणे पुढे होता म्हणे. माझे नऊ गुण असते काय आणि नसते काय, शेवट हाच झाला असता. दादा म्हणाला, "मग फुकट गेलं ना तुयं सांगणं."

मला तसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, पण तसं का नाही ते त्याला नीट सांगता आलं नाही. नेपाळकडे त्यांनी जाऊन पाहिलं. पाहून मग नाही म्हटलं. मी दादाला एवढंच म्हटलं.

गेल्या शनिवारी पांढुर्ण्यात दादाच्या मुलींच्या सामन्यांना अंपायर म्हणून बसले. उर्वशी नावाची एक मुलगी आहे, दादाची सगळ्यात लाडकी. दोन वेळा मला वाटलं की तिचं शटल बाहेर आहे. दोन्ही वेळा स्वतःला विचारलं, दिसलं का वाटलं? एकदा दिसलं होतं. एकदा नुसतं वाटलं होतं, ते आत दिलं.

२९ जानेवारी, गुरुवार

नेपाळच्या संघटनेच्या सचिव बाईंचा मेल आला. थेट मला. उघडण्याआधी पाणी प्यायले.

त्यांनी लिहिलं आहे की पाचही परीक्षकांचे शेरे त्यांना मिळाले. चौघांनी सभागृहाबद्दल 'उत्तम' किंवा 'चांगलं' लिहिलं आहे. वाऱ्याचं कुणीच लिहिलेलं नाही, एक माझं रद्द झालेलं पत्रक सोडून. "आमचे खेळाडू सहा वर्षांपासून त्या डाव्या टोकाबद्दल कुरकुर करतात आणि आम्ही त्यांना सराव कमी पडतो म्हणत आलो. तुम्ही नोंदवलेली मिनिटं आम्ही लावून पाहिली. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा अर्ज करणार आहोत. हा वारा कुठून येत असेल, काय करावं, तुम्ही सांगू शकाल का? गुणांबद्दल आमचं काही म्हणणं नाही."

शेवटचं वाक्य मी पुष्कळ वेळा वाचलं. त्यात क्षमा आहे की नाही ते कळत नाही. बहुधा त्यांना तेवढा वेळ नसावा, त्यांना वारा बंद करायचा आहे.

आधी अध्यक्ष मॅडमना विचारलं की उत्तर देऊ का. अर्ध्या तासात त्यांचं आलं: निकाल लागला आहे, तुम्ही समितीत नाही, तुमचं ज्ञान तुमचं आहे.

मग बाबांना मेल वाचून दाखवला. ते म्हणाले, "चार वेळा पाहिलं म्हणून दिसलं." मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा घाईने म्हणाले, "म्हणून गुण कापावे असं नाही म्हणून राहिलो मी."

"माहीत आहे, बाबा."

दुपारी लिहायला बसले. पहिलंच वाक्य लिहिलं, "वारा पश्चिमेच्या झरोक्यांतून येत असावा," आणि खोडलं. पश्चिम कुठे आहे ते मला ठाऊक नाही. झरोके आहेत की नाहीत तेही नाही. म्हणून उत्तराऐवजी प्रश्नच लिहिले. डावं टोक कोणत्या दिशेला येतं? त्या दिवशी दारं उघडी होती का? पंखे छतात आहेत की भिंतीवर, आणि सामना किती वाजता सुरू झाला? सगळं मिळाल्याशिवाय मी काही सांगणार नाही, असंही लिहिलं.

खाली नाव लिहिलं. नावाखाली पद लिहायची सवय झाली होती, बोट तिथे थांबलं. मग लिहिलं, सौंसर, जिल्हा पांढुर्णा, भारत, आणि पाठवून दिलं.